आरोहीला विचारून

जिन्याला एक दार बसवायचं होतं, एवढंच. किल्ल्याचा दरवाजा नव्हे. चार फूट उंच, उभ्या पट्ट्यांचं, एका पल्ल्याचं, आणि कडी पलीकडून, म्हणजे पायऱ्यांच्या बाजूने. पट्ट्या उभ्या अशासाठी की आडव्या पट्ट्यांवर पाय देऊन चढता येतं, आणि आमच्या घरात चढणारं माणूस आहे. हे सगळं मी वहीच्या कागदावर पट्टीने रेघा मारून काढलं होतं. शिक्षिका असल्यामुळे आकृतीला नावंसुद्धा दिली होती.

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. खाली जीवनची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, रक्त-लघवी तपासायची लॅब. मधे सतरा पायऱ्या, शहाबादी फरशीच्या, धारदार कडांच्या. त्यातल्या तीन आमच्या लेकीने, आरोहीने, गेल्या महिन्यात एका दमात पार केल्या, डोक्यावर. आरोहीचं वय सव्वादोन. भुवईवर दोन टाके पडले. ती ते आठवड्यात विसरली. मला अजून भाजी चिरता चिरता ते टाके आठवतात आणि सुरी थांबते.

त्यात सोमवारी शाळा उघडणार होती. माझी बाल संगोपन रजा संपली होती, आणि शाळा युसूफ वडगावच्या पुढे. सकाळी बसने निघायचं ते संध्याकाळी परत. म्हणजे दिवसभर घरात दोघीच, आरोही आणि तिची आजी. माझ्या सासूबाई, बायनाबाई, मनाने तिच्यामागे दिल्लीपर्यंत धावतील. पण गुडघे स्वयंपाकघरापर्यंतच येतात. त्या स्वतःच म्हणाल्या, "माझे गुडघे आन् हिचे पाय, शर्यतीचा निकाल मी आत्ताच सांगते. तू आधी दार कर."

गावातल्या दोन सुतारांना विचारलं. एक म्हणाला, "एवढंसं काम?" दुसरा म्हणाला, "करू की." आमच्याकडे "करू की" हे वाक्य कधीच न होणाऱ्या कामासाठी राखून ठेवलेलं आहे. तेव्हा समोरचे माणिकराव पुढे झाले. हे निवृत्त ग्रामसेवक. निवृत्त झाल्यापासून आख्खी गल्ली त्यांच्याकडे चार्जला आहे.

"वखारीवर युपीचा मिस्तरी हाय, रामसजीवन. लई सफाईचं काम. पण कडक बोलायचं त्यांच्याशी. नरम बोललात की डोक्यावर बसतात."

शेजारच्या वनमालाकाकू गच्चीवरून म्हणाल्या, "काई ऐकू नको गं पोरी त्यांचं. माझ्या भावाच्या घरी कडक बोलले, तर मिस्तरी जेवायला म्हणून गेला तो होळीलाच आला. गोड बोल. चहा दे, जेवाय वाढ, घरच्यासारखं ठेव."

मला दोन्हीची भीती वाटली, पण गोड बोलायची कमी वाटली. आमच्या घराण्याची ती परंपराच आहे. जीवन तर दिवसभर माणसांना गोड बोलून सुया टोचतो. मंगळवारी सकाळी रामसजीवन हत्यारांची पिशवी घेऊन आला. पंचेचाळिशीचा, उंच, केस पांढरट, बोलणं हळू. जीवनने त्याचे दोन्ही हात धरले आणि त्याच्या खास हिंदीत म्हणाला, "देखो दादा, तुम मेरे बड़े भाई के जैसे. ये घर तुम्हाराच है. कुछ लगा तो घर में पूछना, घर की बात घर में."

रामसजीवनने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग हात जोडून अगदी गंभीरपणे म्हणाला, "आप कह दिए, तो वही हुआ."

मला ते फार आवडलं. सासूबाईंनाही. त्या लगेच म्हणाल्या, "मग माझा मोठा लेकच झाला की! बस बाबा, चहा पी." आमच्या सगळ्या आपत्तीचं मूळ या तीन वाक्यांत आहे, हे तेव्हा एकालाही कळलं नाही.

मी चहा घेऊन गेले. तर मला पाहताच रामसजीवन उठला, पाठ फिरवली आणि भिंतीचं माप घ्यायला लागला. भिंत कुठे पळून जाणार नव्हती. मी कप पुढे केला. तो वळेना. शेवटी कप फरशीवर ठेवून आत आले आणि दाराच्या फटीतून पाहिलं, तर माणूस शांतपणे बसून चहा पितोय.

दुसऱ्या दिवशी मी आलं जास्त घातलं. तिसऱ्या दिवशी वेलची. तरी पाठ. आता चहातला दोष संपला म्हणजे दोष माझ्यात असणार, असं मला वाटायला लागलं. पंधरा वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे कुणी पाठ करून उभं राहिलं असेल तर ती चौथीची पोरं, आणि तीसुद्धा मीच शिक्षा केली म्हणून.

"कावून पाठ फिरवतो गं ह्यो?" सासूबाई कुजबुजल्या. "तू काई बोललीस का त्याला?"

"बोलायला समोर तरी यायला पाहिजे ना, आई!"

आणखी एक गोष्ट. तो काम करायला बसायचा ते जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, बरोबर मधोमध. एवढी मोठी गॅलरी रिकामी होती. पण नाही. वर-खाली करणाऱ्या प्रत्येकाला त्याला उठवावं लागायचं. वनमालाकाकू एकदा दह्याचं विरजण घेऊन पाच मिनिटं खालीच उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "गोड बोल म्हणले होते गं, गादीवर बसव म्हणले न्हवते." मला त्याला "जरा बाजूला बसा" म्हणायचं होतं. मी म्हणाले, "बहुत अच्छा हो रहा है."

हेच माझं हिंदी. म्हणजे हिंदी मला येतं, पण ज्याच्यावर रागवायचं त्याचं कौतुकच तोंडातून येतं.

त्याचं सगळं प्रेम मात्र आरोहीवर. ती त्याच्या शेजारी बसून रंध्यातून निघणारे लाकडाचे कुरळे पापुद्रे कानात अडकवायची, आणि तो तिच्याशी तासन् तास बोलायचा. "बिटिया, मम्मी से पूछो, पल्ला एक रहे कि दो?" आरोहीला त्या महिन्यात दोनच शब्द भारी आवडत होते. एक "हो" आणि एक "दोन". ती जोरात सांगायची, "दोन!" मी आत कणीक मळताना ऐकायचे आणि मनात म्हणायचे, किती लाघवी माणूस आहे, पोरीशी कसा मोठ्या माणसासारखा बोलतोय.

तो खरंच मोठ्या माणसाशी बोलत होता. फक्त मला ते ठाऊक नव्हतं. माझी आकृती आरोहीने पहिल्याच दुपारी बादलीत बुडवली होती, आणि कागदाचा लगदा झाल्यावर कुणाला तरी विचारणं त्याला भाग होतं.

बुधवारी संध्याकाळी पाहिलं तर दाराला दोन पल्ले. जिना तीन फूट रुंद. त्याला दोन पल्ले म्हणजे देव्हाऱ्याला शटर. पण त्याने इतक्या अदबीने बाजूला होऊन, पाठमोरा राहून, ते दाखवलं की मी म्हणाले, "अच्छा है." त्याने मान डोलावली. त्याला मंजुरी मिळाली.

गुरुवारी "बिटिया, यहाँ तनी तोड़ना पड़ेगा, तोड़ दें?" असं ऐकू आलं आणि त्यावर "हो!" आलं. मी हसले. पाच मिनिटांनी भिंतीतून कारंजं उडालं. चौकट बसवायच्या जागी टाकीचा पाइप होता. घर बांधताना पाइप कुठून नेलाय ते फक्त सासऱ्यांना ठाऊक होतं, आणि ते आता फोटोत आहेत. रामसजीवनने अंगठ्याने भोक दाबून धरलं. सासूबाईंनी परात धरली. आरोहीने टाळ्या वाजवल्या. प्लंबर शुक्रवारी आला आणि म्हणाला, "कुणी सांगितलं हितं फोडाय?" आरोही म्हणाली, "हो."

पाण्याचा ओघळ माणिकरावांच्या ओट्यापर्यंत गेला होता, त्यामुळे त्यांना चौकशीचा हक्क प्राप्त झाला. ते वर आले, रामसजीवनला ओलांडून, आणि मला म्हणाले, "सूनबाई, ह्याचं आधार घेतलं का? परराज्यातला माणूस घरात कामाला, पोलीस ठाण्यात झेरॉक्स दिलेली बरी. नंतर म्हणाल, माणिकराव बोलले न्हाईत."

जो माणूस चार दिवस आपल्या घरी जेवतोय, ज्याने आपली भिंत अंगठ्याने धरून ठेवली, त्याला "तू कोण ते सिद्ध कर" असं कसं म्हणायचं? मी जीवनला फोन केला. तो म्हणाला, "तू विचार ना, तू शिक्षिका आहेस." मी म्हणाले, "तुझा भाऊ आहे." शेवटी तो वर आला, घसा साफ केला आणि म्हणाला, "दादा, वो आधार... मतलब ऐसेच... फॉरमॅलिटी..."

रामसजीवनने पिशवीच्या तळातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात आधार, मतदान कार्ड, लशीचं प्रमाणपत्र आणि गावच्या प्रधानाचं, म्हणजे तिकडच्या सरपंचाचं, शिक्क्याचं पत्र. सगळं त्याने जीवनच्या हातात दिलं, एक एक करून, जराही चेहरा न बदलता. जीवन इतका ओशाळला की खाली पळत गेला, स्वतःचं आधार घेऊन आला आणि त्याच्या हातात ठेवलं. रामसजीवनने ते वाचलं. मग दोघंही एकमेकांची कार्डं धरून, पत्रिका जुळवायला बसल्यासारखे गप्प उभे राहिले. माणिकराव दोन झेरॉक्स घेऊन ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी विचारलं, "बरं, मग तक्रार काय आहे?" माणिकरावांकडे तक्रार नव्हती. ते झेरॉक्स घेऊन परत आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

ही एवढीच चांगली गोष्ट त्या आठवड्यात घडली.

शनिवार उजाडला. काम संपत आलेलं असायला हवं होतं, आणि हा माणूस सकाळपासून पोपट कोरत होता. वीतभर लांबीचा, शेपटीचा, शिसवी लाकडाचा पोपट. "बिटिया, तोता बना दें?" "हो." मी स्वयंपाकघरात उभी राहून दात आवळत होते. सोमवार आला, माझा जीव टांगणीला लागलाय, आणि याला पोपट सुचतोय! मी त्याच्यासाठी भाकरी थापत होते आणि प्रत्येक भाकरी नेहमीपेक्षा जोरात थापली जात होती.

दुपारी त्याने पल्ले लावले. मी हात पुसत बाहेर आले आणि पाहिलं. कडी घरातल्या बाजूला होती. जमिनीपासून बरोबर दोन फुटांवर. आरोही तिच्यासमोर उभी होती. तिने कडी धरली, ओढली, आणि पल्ला उघडला. ती वळून माझ्याकडे पाहून इतक्या आनंदाने हसली की जणू मीच तिला ते बक्षीस दिलं होतं. आणि मग तिने पाय पुढे टाकला.

मी ओरडले की नाही, मला आठवत नाही. धावले एवढं आठवतं. पण मी पोचायच्या आधीच तिचं पाऊल रामसजीवनच्या मांडीवर पडलं होतं. तो तिथेच होता, वरच्या पायरीवर, मधोमध. त्याने तिला एका हाताने अलगद उचललं आणि दाराच्या आत ठेवलं. वर पाहिलं नाही. पोपटाला पॉलिश करत राहिला.

मी तिला छातीशी धरून खालीच बसले. रडू येत होतं आणि राग येत होता आणि "बहुत अच्छा" जिभेवर आलं होतं. मी जीवनला हाक मारली. त्या हाकेने लॅबमधले दोन पेशंटही वर आले.

"दादा," जीवन म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज गोड नव्हता, "ये कडी इधर किसने बोली? दो पल्ले किसने बोले?"

रामसजीवन उठून उभा राहिला. "बिटिया से पुछवाए थे. कुंडी कहाँ लगे, पूछे, तो बिटिया हाथ रख के बताई. हम समझे, मम्मी बताई हैं."

सगळ्यांनी आरोहीकडे पाहिलं.

"हो," आरोही म्हणाली.

"अरे पण दोन वर्षाचं लेकरू ते!" सासूबाई म्हणाल्या. "तिच्या आईला पुसायचं ना. समोर तर असते ती."

तो इतका अवघडला की हातातलं पॉलिशचं फडकं उगाच घडी करू लागला. "अम्मा, भइया हमको बड़ा भाई कहे. आप बेटा कहीं. तो ये हमारे छोटे भाई की दुलहिन हुईं. हमारे यहाँ जेठ छोटे भाई की दुलहिन से आमने-सामने नहीं बोलते. उनकी ओर देखते भी नहीं. बच्चे के जरिए कहलवाते हैं. हम तो मान रखे."

पेशंट एकमेकांकडे पाहायला लागले. म्हणजे पाच दिवस तो माझा अपमान करत नव्हता, मान राखत होता. आणि पाच दिवस मी चहात वेलची वाढवत होते.

"जीवन्या," सासूबाई म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं होतं भाऊ म्हणाय?"

"तूच लेक म्हणालीस!"

आता काय करायचं? नातं एकदा लावल्यावर ते खिळा उपटल्यासारखं उपटता येत नाही. समोरचा माणूस ते किती खरं धरून बसलाय ते पाहिल्यावर तर मुळीच नाही. मी पदर डोक्यावर घेतला, तसा आम्हीही घेतो मोठ्या दिरांसमोर. आरोहीला मांडीवर नीट बसवलं आणि भिंतीकडे पाहून म्हणाले,

"आरोही, बड़े पापा को बोलो. मम्मी को सोमवार से स्कूल जाना है. दिनभर आरोही आजी के पास रहेगी. आजी भाग नहीं सकती. मम्मी को सीढ़ी का बहुत डर लगता है. बहुत. कुंडी वहाँ होगी, तो मम्मी जा नहीं सकेगी."

एवढं सरळ मी त्या आठवड्यात कुणाशीच बोलले नव्हते, जीवनशीसुद्धा नाही. आरोहीने मान वर करून माझा चेहरा पाहिला आणि माझ्या हनुवटीला एक पापुद्रा चिकटवला.

रामसजीवनने पाठ फिरवली, पण आता ती पाठ मला वेगळी दिसली. "बिटिया," तो म्हणाला, "मम्मी से कहना, कुंडी वहाँ गलत है, ये हम पहिले दिन से जानते थे. पर मालिक का आदेश गलत है, ये मुँह पर कैसे कहें? सोचे, यहाँ का कोई रिवाज होगा. इसीलिए तोता बनाए."

त्याने पोपट उचलला, एका पल्ल्याच्या वरच्या टोकाला, पायऱ्यांच्या बाजूने ठेवला, आणि मधल्या भोकात खुंटी बसवली. पोपट सरळ उभा असला की दार उघडं. शेपटी बाजूला फिरवली की ती दोन्ही पल्ल्यांवर आडवी बसते आणि दार हलत नाही. मोठ्या माणसाने वरून हात टाकला की फिरते. आरोहीचा हात तिथे पोचायला अजून दोन वर्षं आहेत. आणि सासूबाईंना वाकावं लागत नाही.

"नीचे वाली कुंडी बिटिया की," तो म्हणाला. "वो खोले-बंद करे, खेले. असली ताला तोता है."

सासूबाईंनी तीनदा पोपट फिरवून पाहिला. जीवनने दोनदा. एका पेशंटनेही.

मला एकच विचारायचं राहिलं होतं. "आरोही, बड़े पापा को पूछो, रोज सीढ़ी पर ही क्यों बैठते थे?"

तो थोडा वेळ हत्यारं आवरत राहिला. "पहिले दिन इसकी भौं का टाँका देखे थे," तो म्हणाला. "जब तक दरवाजा नहीं लगा, तब तक हम बैठ गए. और क्या."

मी पदर आणखी पुढे ओढला. जेठासमोर रडलेलं दिसू नये म्हणून तो बरा असतो.

रविवारी त्याने शेवटचं पॉलिश मारलं, जेवला, पिशवी उचलली आणि दारात उभा राहून विचारलं, "बिटिया, चलें?"

आरोहीने पहिल्यांदाच तो शब्द वापरला. "न्हाई."

तो खरंच खाली बसला. आम्हाला वाटलं गंमत करतोय. पण ज्याने पाच दिवस तिच्या शब्दावर भिंती फोडल्या, तो हा शब्द कसा मोडणार? पुन्हा चहा झाला. या वेळी मी कप फरशीवर ठेवला आणि निवांत आत गेले. अर्ध्या तासाने त्याने पुन्हा विचारलं. "न्हाई." वनमालाकाकू खालून म्हणाल्या, "अगं, वखारीत वाट बघत असतील त्याची!" मग त्याने उरलेल्या लाकडाचे चार ठोकळे कापून, घासून तिच्यासमोर ठेवले. ती त्यात गुंतली, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर मान न वळवता म्हणाली, "हो."

सोमवारी सकाळी माझी बस होती. मी साडी नेसले, पर्स घेतली, तिच्या नकळत सटकायचं ठरवलं होतं. सगळ्यांचा सल्ला तोच होता. "दिसू नको, सरळ निघ," असं काकूंनी तर खिडकीतून खुणा करून सांगितलं. पण दाराशी आले आणि मला ते जमेना. मी परत येऊन तिच्यासमोर खाली बसले. ठोकळ्यांचं घर चाललं होतं.

"आरोही, मी शाळेत जाऊन येऊ का?"

घड्याळ चालू होतं, सासूबाई श्वास रोखून उभ्या होत्या, आणि मी खरंच वाट पाहत होते, कारण विचारायचं तर मग उत्तर ऐकायचंच, हे मी आठवडाभर पाहिलं होतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. साडीकडे पाहिलं. एक ठोकळा उचलून माझ्या हातात दिला.

"हो," म्हणाली.

मी दाराबाहेर आले, पोपट फिरवला, ठोकळा पर्समध्ये ठेवला आणि खाली उतरले. सगळ्यात खालच्या पायरीवर लक्षात आलं की डबा ओट्यावरच राहिलाय. वर पाहिलं. पट्ट्यांमधून ठोकळ्यांचा आवाज येत होता. पुन्हा वर जायचं म्हणजे पुन्हा विचारावं लागणार, आणि दुसऱ्यांदा काय उत्तर मिळेल याची खात्री मला नव्हती.

त्या दिवशी मी शाळेतली खिचडी खाल्ली. मीठ जरा जास्त होतं. पण मी वाढणाऱ्या मावशींना तसं सरळ सांगितलं.